काटा चाळीसवर

अठरा वर्षं मी दारव्ह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि दर वर्षी सेकंड इयरची पोरं मला एकच प्रश्न विचारतात. वास्तव वायूंचं समीकरण शिकवायला घेतलं की तो येतोच. फळ्यावर मी आधी आदर्श वायूचं समीकरण लिहिते. ते बिचारं साधं असतं. दाब, आकारमान, तापमान, की झालं. मग सांगते, असा आदर्श वायू जगात कुठंच नाही. खऱ्या वायूचे रेणू एकमेकांना ओढतात, त्यासाठी 'ए' हा स्थिरांक घ्यायचा. खऱ्या रेणूंना अंग असतं, ते जागा अडवतात, त्यासाठी 'बी'. पोरांच्या तोंडावरची माशी हलत नाही, म्हणून दिग्रसच्या जीपचं उदाहरण देते. कागदावर जीपमध्ये नऊ माणसं बसतात, कारण कागदावर माणसाला ढुंगण नसतं. खऱ्या जीपमध्ये असतं, तो 'बी'. आणि ओळखीच्या दोन बाया एकमेकींना चिकटून बसतात म्हणून आणखी एक जण मावतो, तो 'ए'. सगळी हसतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, मॅडम, हे कुठं कामी येते? मी म्हणायची, परीक्षेत. आता खरं उत्तर मला माहीत आहे, पण ते मी वर्गात देत नाही.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते. चाळीस वर्षं त्यांनी रुईत काढली. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या, आणि मी लहानपणी त्या फुंकून उडवायची. ती रुई आत किती गेली हे यवतमाळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्याला लावून दाखवलं तेव्हा कळलं. चोवीस तास ऑक्सिजन लागेल, म्हणाले, मिनिटाला दोन लिटर. सुरुवातीला घरी विजेवरचं मशीन आणलं. पण आमच्याकडची लाइट दिवसातून चार वेळा जाते. ती गेली की मशीन ओरडायचं आणि बाबा निळे पडायचे. तेव्हा मशीन परत केलं आणि पुरुषभर उंचीचं मोठं सिलिंडर त्यांच्या पलंगाजवळ साखळीनं भिंतीला बांधलं. घरात आम्ही दोघंच. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि माझ्या लग्नाचा विषय दोघांनीही केव्हाच सोडून दिला होता.

बाबांना एक मोठी बहीण. बाबा तिला बाई म्हणतात, मी आत्या म्हणते. ती पुसदच्या अलीकडे एका खेड्यात राहते. तिच्या कमरेत रॉड घातलेला, त्यामुळे तिला गाडीत दोन तास बसता येत नाही. फोन आहे दोघांकडे, पण त्या फोनचा काय उपयोग? तिला ऐकू येत नाही आणि यांना ओरडता येत नाही. ती पलीकडून "भाऊ, ज्येवला का?" असं विचारायची. बाबा दम गोळा करून "हो" म्हणायचे. ते तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. ती पुन्हा विचारायची, हे पुन्हा म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा बाबा फोन माझ्याकडे द्यायचे. मग मी बाबांच्या वतीनं ओरडायची. शेजारीपाजारी साऱ्यांना कळायचं की आमच्याकडे आज जेवण झालं आहे.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी बाबा म्हणाले, "माय, मले एकदा बाईकडे ने."

कधी काही मागितलं नव्हतं त्या माणसानं. मी लगेच हो म्हणून बसले, आणि मग डोक्याला हात लावला. मोठं सिलिंडर माझ्या कारमध्ये मावणारं नव्हतं. यवतमाळचा सिलिंडरवाला छोटं देतो, पण त्याच्याकडे छोटी दोन-तीनच, आणि ती सगळी कोणाकोणाच्या घरी गुंतलेली. हातापाया पडून एक मिळालं. दुसरं मागितलं तर म्हणाला, यादीत नाव टाकून ठेवतो. सिलिंडरच्या मानेवर ठोकलेलं होतं, साडेचार लिटर. दाबाचा काटा एकशे चाळीसवर होता. तो म्हणाला, "दोनवर ठेवा मॅडम, सहा तास कुठंच गेले नाही. आपण पाह्यलेलं हाय."

मी मनात म्हटलं, याला काय कळतं. माझ्याकडे डिग्री होती ना.

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मी तीन वेळा आकडेमोड केली. आदर्श वायू धरला तर साडेचार गुणिले एकशे चाळीस, सहाशे तीस लिटर. मिनिटाला दोन, म्हणजे सव्वापाच तास. मग पुस्तकातले ए आणि बी घालून पाहिलं, तर जवळजवळ अर्धा तास जास्त आला, कारण रेणू एकमेकांना ओढतात आणि तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये जास्त वायू मावतो. पण मी अठरा वर्षं पोरांना सांगत आले होते की हे ए आणि बी वायूच्या क्रांतिक तापमानावरून काढलेले असतात. ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान शून्याच्या खूप खाली, आणि आमचा मे महिना बेचाळीस अंशांचा. तिथले आकडे इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत. खरे आकडे हवे असतील तर त्या त्या तापमानाला, त्या त्या दाबाला स्वतः मोजून काढावे लागतात. तेवढा वेळ कोणाकडे होता? शिवाय ते आकडे बापाच्या नाकातल्या नळीवर लावायचे होते. पुस्तकातला अर्धा तास मी खोडून टाकला. आदर्श वायूच बरा, निदान तो कमी सांगतो. वरून काट्यावरचे शेवटचे वीस राखीव ठेवले, म्हणजे पाऊण तास आणखी कमी. राहिले साडेचार तास. जायला पावणेदोन, यायला पावणेदोन. आत्याकडे एक तास.

बाबांना सांगितलं, एक तास मिळेल. ते म्हणाले, बम झाला, भरपूर झाला.

सकाळी निघालो. मागच्या सीटवर बाबा आडवे, शेजारी पट्ट्यानं बांधलेलं सिलिंडर, त्यावर उन्हासाठी ओला टॉवेल. प्रवाह मीच लावला. काचेच्या नळीत एक गोटी वर-खाली होते, ती दोनच्या रेघेला आणली. दिग्रसपर्यंत रस्ता खोदलेला होता, तरी हिशेबाप्रमाणे पोचलो. गाडीतून उतरवून बाबांना आत्याच्या ओसरीवरच्या खाटेवर निजवलं, सिलिंडर खाटेच्या पायाशी ठेवलं. आत्या अंगणात बसलेली. तिनं गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या, परातीत कणकेचे गोळे. भावासाठी रोडगे. बाबांना लहानपणापासून रोडगे म्हणजे जीव की प्राण. कणकेच्या पदरांचा तो जाड गोळा निखाऱ्यात भाजायला वेळ लागतो, पण गोवरीची चव गॅसवर येत नाही, वांग्याची भाजी नि वरण केव्हाचं तयार होतं.

आणि मी किंचाळले. ऑक्सिजनजवळ विस्तव! रसायनशास्त्राची बाई आहे मी, मला भडका दिसला डोळ्यांसमोर. धूर वेगळाच. मी आत्याला आग विझवायला लावली. खोटं बोलत नाही, मी स्वतः घागर ओतली त्या गोवऱ्यांवर. मग घरामागे, गोठ्याच्या पलीकडे, वाऱ्याची दिशा पाहून नवा विस्तव करायला सांगितला. मागच्या गोवऱ्या दमट होत्या, त्या धुमसत राहिल्या. आत्या रॉडची कमर धरून तिकडे वाकून बसली. भावाला भेटायचं सोडून ती तासातला बराच वेळ गोठ्यामागे फुंकर मारत होती आणि बाबा ओसरीवरून तिची पाठ पाहत होते. त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं असेल ते दहा-बारा मिनिटं. तेही ती कान त्यांच्या तोंडाशी नेऊन बसली म्हणून. काय बोलले मला माहीत नाही. मी घड्याळ पाहत होते.

तास झाला तेव्हा रोडगे निखाऱ्यात होते. आत्या म्हणाली, अजून अर्धा तास. मी म्हटलं, नाही. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या घरून न जेवता उठत नाही. कितीही घाई असो, दोन घास तरी खातोच, नाहीतर ते तिच्या मनाला वर्षभर लागून राहतं. हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण मला तो काटाच दिसत होता. मी चिडून बोलले आत्याला, रस्त्यात संपलं तर तू देणार आहेस का हवा? तिला ते नीट ऐकू गेलं नाही, एवढंच नशीब. पण माझं तोंड तिला दिसलं असेल.

निखारे उकरून तिनं तीन रोडगे काढले, राख झटकली, फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. घरी भाजून घे, म्हणाली. मग गाडीच्या खिडकीशी येऊन बाबांच्या तोंडावरून तिनं हात फिरवला. हाताला पीठ आणि राख दोन्ही होतं. बाबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

परतीचा रस्ता पाच मिनिटं लवकर सरला. घरी बाबांना मोठ्या सिलिंडरची नळी लावली आणि मग मी गाडीत येऊन टॉवेल काढला. काटा चाळीसवर होता.

मी दोनदा काचेवर टिचकी मारली. चाळीस. म्हणजे दीड तासापेक्षा जास्त हवा त्यात अजून होती. आत येऊन बाबांना म्हटलं, संपतच आलं होतं, बरं झालं निघालो. ते म्हणाले, "हो ना." रात्री रोडगे मी गॅसवर जाळीवर भाजले. वरून काळे झाले, आत कच्चे राहिले. बाबांनी अर्धा खाल्ला आणि बाकीचा वरणात भिजत ठेवला.

मग मला ते खूळ लागलं. सुट्टी होती, वर्ग नव्हते. मी छोटं सिलिंडर पुन्हा भरून आणलं. बी-बियाण्यांच्या दुकानात दहा ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा आहे, तिथं स्कूटीवर पायांशी सिलिंडर घेऊन गेले. दुकानदाराला वाटलं, बाईचं डोकं सटकलं. भरलेलं वजन केलं. घरी आणून बाबांना त्याच सिलिंडरवर एक तास ठेवलं, काटा वाचला, तापमान लिहिलं, पुन्हा दुकानात, पुन्हा वजन. असं चार दिवस चाललं. वजनावरून आत किती वायू आहे ते नेमकं कळतं, आणि दाब, तापमान, आकारमान हाताशी होतंच. ते मांडून मी आमच्या घरच्या ऑक्सिजनचा स्वतःचा ए काढला. पुस्तकातल्यापेक्षा कमी आला. बी पुस्तकातलाच ठेवला, कारण दोन्ही एकदम मोजावेत इतका चांगला तो काटा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी एक स्थिरांक स्वतः काढला, आणि तोही असा.

त्यातून कळलं ते असं. वायू खरा होता म्हणून चौदा मिनिटं जास्त मिळाली होती. गोटीची छत्तीस मिनिटं. गोटीचा मध्य रेघेवर आणायचा असतो, मी तिचा माथा आणला होता, म्हणून दोनऐवजी एक पॉइंट आठच सुटत होतं. ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. आणि उरलेली पन्नास मिनिटं माझ्या भीतीची, पंचेचाळीस राखीव म्हणून बांधून ठेवलेली आणि पाच परतीच्या घाईत वाचवलेली. एकूण शंभर. रोडग्यांना तीस हवी होती. त्या सिलिंडरवाल्याचे सहा तास मिनिटाच्या हिशेबानं बरोबर निघाले. त्यानं फक्त पाहिलं होतं, मोजलं नव्हतं.

मी ठरवलं, थंडी पडायच्या आत पुन्हा न्यायचं. आता सगळं अचूक माहीत होतं. आत्याला फोनवर ओरडून सांगितलंसुद्धा, या वेळी बसून जेवू. ती म्हणाली, गोवऱ्या वाळवून ठेवते.

पावसाळ्यानं ते होऊ दिलं नाही. दमट हवेत बाबांची तब्येत उतरत गेली. पोळ्यानंतर यवतमाळला नेलं तर डॉक्टरांनी दोनचे चार लिटर केले. प्रवास आता नकोच, म्हणाले, रस्त्याचे हादरे झेपणार नाहीत. मी विचारलं, अँब्युलन्समधून? त्यांनी विचारलं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं आहे? आता काय सांगू? रोडगे खायला नेते, असं पत्र कोणता डॉक्टर देईल? सिलिंडरवाल्याच्या यादीत माझं नाव अजून तसंच होतं, दुसरं छोटं रिकामं झालं नव्हतं. कोणाच्या तरी घरचा माणूस गेल्याशिवाय ते रिकामं होणार नव्हतं, हे कळल्यावर मी फोन करणं बंद केलं.

तरी मी गणित मांडायची. पेपर तपासता तपासता उत्तरपत्रिकेच्या मागे मांडायची. चारनं भागलं की सगळं अर्धं होतं. आदर्श वायू घेऊन, पुस्तकातला ए घेऊन, माझा ए घेऊन, राखीव शून्य करून, गोटी बरोबर मध्यावर धरून, कसंही केलं तरी जाणं-येणं दोनशे दहा मिनिटांचं आणि सिलिंडरमध्ये एकशे चौसष्ट. समीकरणाच्या हातापाया पडून काही होत नाही. मला राग यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळायचं नाही, म्हणून मी भांडी आपटायची.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपार होती, मी बाबांच्या पलंगाशी बसून त्यांना पातळ भात भरवत होते. आता ते दोन-चार शब्दांनी थांबतात. मध्ये दम घेतात, मी वाट पाहते. चमचा बाजूला सारून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी किती उरलतं?"

कोणता दिवस, असं मी विचारलं नाही. "वीस," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "चाळीस होतं," म्हणाले. "मी टॉवेल उचलून पाह्यलं ना. येताना दिग्रसपासून पाहून राह्यलो होतो."

भाताचं ताट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. मी म्हटलं, "मंग बोलले काहून नाही बाबा? गाडी वळवली असती ना मी."

"तू लय भेली होती वं," ते म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते त्यांच्यासमोरच रडले. कुठं जाऊन रडणार? घर दोन खोल्यांचं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, गोटीची चूक, माझी भीती, ते वजनकाट्याचे चार दिवस, शंभर मिनिटं. त्यांनी ऐकून घेतलं. शाळा चौथीपर्यंत झालेला माणूस, त्यांना ए आणि बी काय कळणार? पण मिनिटं कळली.

मग त्यांनी विचारलं, आता किती पुरते. मी सांगितलं, चारवर एकशे चौसष्ट मिनिटं, आणि जाणं-येणं दोनशे दहा. नाही होत बाबा, म्हटलं, मी सगळ्या तऱ्हेनं करून पाह्यलं.

ते छताकडे पाहत होते. दोन दम घेतले.

"जायाचंच कर," ते म्हणाले. "वापसीचं कायले धरतं?"

मी उठले. ताट मोरीत ठेवलं, हात धुतला, पदरानं तोंड पुसलं. ओट्यावर काल तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा होता, त्यातल्या वरच्या पेपराच्या मागे माझंच गणित होतं, दोनशे दहाखाली दोन रेघा ओढलेल्या. मी त्यातले येतानाचे एकशे पाच खोडले. एकशे चौसष्टमधून एकशे पाच गेले. एकोणसाठ मिनिटं उरत होती, आणि तेवढ्यात रोडगे होतात.

आतून बाबांनी विचारलं, "हिशेबात बसते का?"